ती घरातून गेली की काय बंद पडतं? अमेरिकी कादंबरीतला पुरुष वाचण्याची रीत

अमेरिकी कथा-कादंबरीतला पुरुष 'तुझ्यावाचून माझं चालत नाही' असं तोंडाने क्वचितच म्हणतो. तो दारू पितो, मासे मारायला जातो, रात्रभर गाडी हाकतो, बायकोवर खेकसतो, पत्रं लिहितो आणि पेटीत टाकत नाही. बाईवरचं त्याचं भावनिक परावलंबन या सगळ्या उद्योगांच्या तळाशी असतं. ते वर काढायला एकच प्रश्न हाताशी ठेवायचा: ती घरातून, खोलीतून किंवा फोनवरून दूर झाली की याचं काय बंद पडतं? जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे वाचनकट्टे आणि इंग्रजी घेऊन एम. ए. करणारे विद्यार्थी यांच्यासाठी ही रीत आहे. एका हिवाळ्यात, सहा बैठकींत ती पुरी होते.

आधी शब्द पक्के करा, नाहीतर पहिली बैठक 'म्हणजे प्रेमच ना?' यातच जाते. आपल्याकडे 'करमत नाही' हा फार नेमका शब्द आहे. प्रेम असूनही माणसाला एकट्याने करमू शकतं. उलट, प्रेम आटून गेलेलं असतं तरी ती माहेरी गेली की याला करमत नाही, जेवण जात नाही, माणसांशी धड बोलता येत नाही. आपल्याला वाचायची आहे ती ही दुसरी अवस्था. दुसरा शब्द 'सांभाळ': त्याचा राग, भीती, आजारपण, अपयश हे सगळं तिने पेलणं. 'भावनिक श्रम' हा शब्द अलीकडे सर्रास चालतो, पण समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली तो मांडला तेव्हा विमानातल्या सेविकांसारख्या पगारी कामाबद्दल मांडला होता. घरातल्या गोष्टीसाठी 'सांभाळ' वापरा. निबंध तपासणारा अडवणार नाही आणि अर्थही पोचेल.

गट, वेळ आणि पुस्तकं

आठ-नऊ जण पुरेत. त्यांत निदान तीन बायका हव्यात, कारण नुसत्या पुरुषांच्या गटात तिसऱ्या बैठकीपर्यंत कादंबरीतली बाई हमखास आरोपी होते. मात्र 'ताई, तुम्हीच सांगा बायकांना काय वाटतं' असं विचारून त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका. त्या पुस्तक वाचायला आल्या आहेत.

दिवाळीनंतर सुरू करा आणि महाशिवरात्रीच्या आत संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात भुसावळ-जळगावला दुपारी कोणाचं डोकं चालत नाही. कापूस वेचणीच्या भर दिवसांत शेतकरी घरची माणसं येऊ शकत नाहीत, तेव्हा गावाकडचा गट असेल तर डिसेंबरात मांडणी करा. वेळ रविवारी दुपारी तीन ते पाच. संध्याकाळी सातची वेळ ठेवली की बायका स्वयंपाकाला अडकतात किंवा अर्ध्यातून उठतात, आणि ज्या विषयावर बोलायला बसलो तोच समोर घडत राहतो. चहाची पाळी पुरुषांनी घ्यावी. पाळीचा कागद पहिल्याच दिवशी भिंतीला लावा.

पुस्तकांचा क्रम आवडीवर सोडू नका. आधी रेमंड कार्व्हर यांची 'फीव्हर' ही कथा. ती 1983 च्या 'कॅथीड्रल' संग्रहात आहे आणि एका बैठकीत होते. मग फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' (1925): नऊ प्रकरणं, सुमारे पन्नास हजार शब्द. इंग्रजीची सवय नसलेल्याने रोज दहा पानं धरली तरी वीस दिवसांत होते. तिसरी ॲन टायलर यांची 'द ॲक्सिडेंटल टूरिस्ट' (1985). चौथ्या बैठकीला हेमिंग्वे यांची 'द सन ऑल्सो रायझेस' (1926). पाचवीला सॉल बेलो यांची 'हरझॉग' (1964), ती जड जाणाऱ्यांनी जॉन अपडाइक यांची 'रॅबिट, रन' (1960) घ्यावी. शेवटी टोनी मॉरिसन यांची 'साँग ऑफ सॉलोमन' (1977). हेमिंग्वेपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण वाक्यं सोपी असतात. तिथेच गट फसतो. सोप्या वाक्यांखाली त्याने काय पुरून ठेवलंय ते ओळखायला आधी उघड बोलणारी पुस्तकं वाचून झालेली असावी लागतात.

झेरॉक्सचा प्रश्न येतोच. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. फिट्झजेराल्ड 1940 साली गेले, हेमिंग्वे 1961 साली. म्हणून 'गॅट्सबी' आणि हेमिंग्वे यांनी हयातीत छापलेली पुस्तकं आपल्याकडे आता मुक्त आहेत. ती दुकानात बांधून घ्या. बाकीच्यांच्या दोन-तीन प्रती विकत आणून फिरवा.

पेन्सिल आणि पाच खुणा

प्रत्येकाकडे शिसपेन्सिल आणि दोनशे पानी वही असू द्या. समासात पाचच खुणा करायच्या.

'ब' म्हणजे बोलला: जे तो दुसऱ्या कोणापाशी बोलत नाही ते तिच्यापाशी बोलला. 'सां' म्हणजे सांभाळ: तिने त्याचं काही पेललं. 'रि' म्हणजे रिकामं: ती नाही, आणि म्हणून काहीतरी थांबलं. 'आ' म्हणजे आरसा: स्वतःची किंमत तो तिच्या नजरेत पाहतोय. 'रा' म्हणजे राग: गरज कबूल करायची नाही म्हणून ती चिडचिड होऊन बाहेर पडली.

वहीत प्रत्येक खुणेपुढे पान क्रमांक, कोण, काय घडलं आणि तिला बदल्यात काय मिळालं, एवढं लिहा. हा शेवटचा रकाना पोरं कंटाळून रिकामा सोडतात. तो मुद्दाम भरायला लावा. 'काही नाही' हे उत्तर असेल तर तसंच लिहा. पुढे निबंधाला हाच रकाना सर्वांत जास्त कामी येतो.

पानाला तीनपेक्षा जास्त खुणा होत असतील तर तुम्ही प्रेमाची प्रत्येक ओळ टिपताय. थांबा आणि प्रत्येक खुणेला विचारा: ही बाई इथे नसती तर या माणसाचं नेमकं काय अडलं असतं? उत्तर सुचलं नाही तर खूण खोडा. उलट सबंध प्रकरणात एकही खूण नसेल तर 'रा' कडे पुन्हा पाहा. सगळ्यांत जास्त निसटते ती हीच, कारण चिडलेला पुरुष आपल्याला गरजू वाटतच नाही.

'फीव्हर': पहिला सराव

कार्लाइल हा शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. बायको आयलीन सहकारी शिक्षकाबरोबर कॅलिफोर्नियाला निघून गेली आहे. दोन लहान मुलं, सुट्टी संपत आलेली, आणि मुलांना सांभाळायला कोणी नाही. अख्ख्या गटाने पहिलं वाचन फक्त 'रि' साठी करावं. दुसऱ्यात 'ब' शोधा आणि तो कोणाकोणापाशी बोलतो ते मोजा: फोनवरून आयलीन, शाळेतली मैत्रीण कॅरल, आणि शेवटी मुलांना सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस वेब्स्टर. तिघीही बायका. मन मोकळं करायला एकही पुरुष नाही.

आता बारकावा. मिसेस वेब्स्टर मिळतात त्या आयलीनच्या फोनमुळे. घर सोडून गेलेली बायको हजारो मैलांवरून घराची घडी बसवून देते. पहिल्या वाचनात हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण कार्लाइलच्या बरोबरीने आपणही तिच्यावर रागावलेलो असतो. इथे 'सां' आणि 'रा' एकाच जागी पडतात. मग त्याला ताप चढतो, आणि पांघरुणात बसून तो त्या बाईंना आपल्या लग्नाची हकीकत सांगू लागतो. त्या ऐकून घेतात. हा प्रसंग मोठ्याने वाचा. तो कोणत्या शब्दापाशी थांबतो आणि त्या त्याला पुढे बोलायला कशा लावतात, याकडे कान असू द्या. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं यावर इथे भांडण होतं, आणि ते होऊ द्या: मिसेस वेब्स्टर यांना पगार मिळतो, मग त्यांचं हे ऐकून घेणं पगारात धरायचं का?

'गॅट्सबी': एकाच पुस्तकात तीन पुरुष

पाचवं प्रकरण प्रत्येकाने घरून खुणा करून आणावं आणि बैठकीत समास ताडून पाहावेत. नवश्रीमंत गॅट्सबीला त्याची जुनी प्रेयसी डेझी जवळजवळ पाच वर्षांनी भेटणार, तीही शेजारच्या निकच्या छोट्या घरात, चहाला. गॅट्सबी भर पावसात निकच्या अंगणातलं गवत कापायला माणूस धाडतो, फुलं धाडतो, रुपेरी सदरा आणि सोनेरी टाय घालून येतो. मग शेकोटीवरच्या फळीला रेलून उभा राहतो तेव्हा डोक्याच्या धक्क्याने तिथलं बंद पडलेलं घड्याळ कलतं, आणि तो ते थरथरत्या बोटांनी धरून जागेवर ठेवतो. शेकडो माणसांना दारू पाजणारा माणूस एका खोलीत एका बाईसमोर घड्याळ सांभाळत उभा आहे. पुढे तो तिला आपला वाडा दाखवतो आणि एकेक वस्तू तिच्या डोळ्यांत कशी उतरते यावरून त्या वस्तूची किंमत नव्याने ठरवतो. 'आ' या खुणेचा याहून स्वच्छ नमुना मिळणार नाही.

पण 'ब' किती आल्या ते मोजा. जवळजवळ नाहीतच. आपल्या आयुष्याची खरी हकीकत गॅट्सबी सांगतो ती निकला. म्हणजे हा माणूस मन मोकळं करायला डेझीवर विसंबलेला नाही. आपण कोण आहोत हे ठरवायला विसंबला आहे. परावलंबनाचे प्रकार वेगवेगळे असतात हे इथे गटाला पहिल्यांदा पटतं, आणि म्हणूनच पाच खुणा वेगळ्या ठेवायच्या.

मग सातवं प्रकरण. डेझीला मेजवान्या रुचल्या नाहीत म्हणून घरातले दिवे बंद, नोकरचाकर काढून टाकलेले. ती आली म्हणून एक अख्खं जग बंद पडतं. आपला प्रश्न उलटा करूनही विचारता येतो तो असा. त्याच प्रकरणात डेझीचा नवरा टॉम आणि गॅरेजवाला विल्सन यांना, आपल्या बायकोचं आपल्याबाहेर काही आयुष्य आहे हे थोड्या वेळाच्या अंतराने कळतं. विल्सन त्या धक्क्याने आजारी पडतो आणि बायकोला वरच्या मजल्यावर कोंडून ठेवतो. टॉम घाबरतो आणि भांडण उकरून काढतो. एक पिढीजात श्रीमंत, एक कफल्लक, एक नवश्रीमंत. तिघांची वहीतली पानं शेजारी ठेवून वाचा. पैसा असला की घाबरलेपण लपवायला जागा मिळते, विल्सनला ती नाही. निबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या. यावर दहा पानं सहज होतात.

यंत्रांनी भरलेली पोकळी

टायलर यांच्या मेकनचा मुलगा गोळीबारात मेलेला आहे आणि बायको सारा घर सोडून गेली आहे. मेकन रडत नाही. तो घर 'सुधारतो': अंघोळ करता करता पायांखाली कपडे तुडवून धुतो, चादरी शिवून झोपायची पिशवी करतो, सकाळच्या कॉफीचं यंत्र घड्याळाच्या रेडिओला जोडतो. वाचणाऱ्याला गंमत वाटते. इथे प्रत्येक युक्तीपुढे 'रि' लिहायचं आणि कंसात, साराच्या कोणत्या असण्याची जागा ही युक्ती भरते ते. निम्म्या युक्त्यांना कामाच्या दृष्टीने अर्थच नाही हे यादी केल्यावर दिसतं; त्या दुःख बांधून ठेवायला आहेत. पुढे पाय मोडल्यावर तो बहिणीच्या, रोझच्या, घरी येऊन पडतो. तिथे दोन मोठे भाऊ आधीच तिच्या हातचं खाऊन राहत आहेत, आणि ती लग्न करून गेली की त्यांचा गाडा अडतो. बायको हेच एक नातं धरून बसणाऱ्यांनी रोझची पानं पुन्हा वाचावीत. पुस्तक बाईने लिहिलंय म्हणून ते पुरुषांना सोलून काढेल अशी अपेक्षा ठेवून येणारे निराश होतात. टायलर मेकनकडे फार मायेने पाहतात.

हेमिंग्वेकडे या तयारीने गेलात की 'द सन ऑल्सो रायझेस' चा नायक जेक बार्न्स वेगळा दिसतो. दिवसा तो कोणाला दाद देत नाही, आणि रात्री अंथरुणात, जिच्यावर जीव आहे त्या ब्रेटच्या आठवणीने रडतो. तेव्हा खुणा करताना शेजारी दिवस की रात्र हेही टिपा. शेवटी तिची तार येते आणि तो माद्रिदला धावतो. या ठिकाणी कोण कोणावर विसंबलंय याचा घाईने निकाल लावू नका, दोन्हीकडच्या नोंदी करा. कथेचा आठवा हिस्साच पाण्यावर दिसावा हे हिमनगाचं सूत्र हेमिंग्वे यांनी 1932 साली मांडलं, त्यामुळे इथे खुणा कमी पडणार. चिंता नको.

तिची बाजू कुठून आणायची

'हरझॉग' वाचताना सगळ्यांची एक चूक होते. मोझेस हरझॉग जिवंत-मेलेल्या माणसांना पत्रं लिहितो, टाकत नाही, आणि दुसरी बायको मॅडेलीन हिने आपला कसा घात केला ते सांगत राहतो. तो इतका हुशार आणि इतका दुखावलेला आहे की आपण त्याचे वकील होऊन जातो. उपाय म्हणून त्यातला एक प्रसंग मॅडेलीनच्या तोंडून, दीडशे शब्दांत, मराठीत लिहून आणायचा. तिला देवी करायचं नाही, पुस्तकात नसलेली घटना घालायची नाही. फक्त तोच प्रसंग. पुरुषांनी तर हे लिहायचंच. आपल्याला तिच्याबद्दल किती कमी सांगितलं गेलंय हे लिहायला बसल्यावर कळतं, आणि ती उणीव हाच पुरावा धरता येतो: ज्याच्यावर सगळा भार टाकला ते माणूस नीट पाहिलंच गेलेलं नाही.

'रॅबिट, रन' घेणाऱ्यांनी कागदावर नकाशा काढावा. हॅरी बायकोला सोडून गाडी काढतो, रात्रभर दक्षिणेकडे जातो, परत फिरतो आणि रूथ नावाच्या बाईच्या घरी पोचतो. पळून जाणारा नायक अमेरिकी साहित्यात जुना आहे. 1819 च्या कथेतल्या रिप व्हॅन विंकलपासून तो बायकोची कटकट चुकवून डोंगरात जातोय, आणि लेस्ली फीडलर यांनी 1960 साली याच पलायनावर मोठा ग्रंथ लिहिला. पण हॅरीच्या नकाशावर प्रत्येक बाण एका बाईच्या दारातून निघतो आणि दुसऱ्या बाईच्या दारात थांबतो. पळणारा माणूस स्वतंत्र असतो ही समजूत एवढ्यानेच गळून पडते.

शेवटच्या बैठकीसाठी मॉरिसन यांच्या कादंबरीच्या पहिल्या भागाचा शेवट राखून ठेवा. नायक मिल्कमन तिशी ओलांडलेला, आणि बहीण लीना त्याला पहिल्यांदा सुनावते: आम्ही तुझ्यासाठी रांधलं, तुझे कपडे धुतले, अंथरूण घातलं, आणि तू कधी विचारलं नाहीस की आम्ही दमलो का, दुःखी आहोत का, घोटभर कॉफी हवी का. वहीतला शेवटचा रकाना इथे कादंबरीतली बाईच वाचून दाखवते. हे पान गटातल्या कोणीतरी मराठीत करून आणावं, जमलं तर अहिराणीत किंवा लेवा बोलीत. प्रमाण मराठीत लीना शिक्षिकेसारखी बोलू लागते. घरच्या बोलीत ती बहीण राहते. मात्र हे कृष्णवर्णीयांचं घर आहे आणि बापाचा पैसा, वर्णभेद, जमिनीची ओढ हे सगळं त्या भांडणात मिसळलेलं आहे, तेव्हा 'आपल्याकडेही असंच' एवढ्यावर चर्चा आटोपू नका.

आईचा प्रश्न

आपल्या वाचकाची सर्वांत मोठी अडचण इथे येते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. त्यांची 'श्यामची आई' आपल्या घराघरांत वाचली गेली. मुलाने आईत विरघळून जाणं हा आपल्याला संस्कार वाटतो. फिलिप रॉथ यांच्या 1969 च्या 'पोर्टनॉयज कम्प्लेंट' मध्ये तीच जवळीक मुलगा मानसोपचारतज्ज्ञापुढे गाऱ्हाणं म्हणून मांडतो. एका पुस्तकाच्या मापाने दुसरं मोजलं की दोन्ही वाया जातात. सहा बैठकींच्या मधे एखादा जादा रविवार काढून 'श्यामची आई' तली दोन प्रकरणं आणि भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' तली मनीच्या मरणाची पानं याच पाच खुणांनी वाचा. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, त्यामुळे ते घर, तो बाप, ती माय गटाला ओळखीची असते. धाकट्या बहिणीच्या मरणाने पांडुरंग सांगवीकर आतून कसा कोसळतो ते वाचलं की 'पुरुष असा रडत नसतो हो' म्हणणारे जिभाऊही गप्प होतात.

निबंध लिहिताना

दीड ते दोन हजार शब्द, एक पुस्तक, एक प्रसंग. 'अमेरिकी कादंबरीतील पुरुष' असा विषय घेतलात तर शंभर पानांतही काही सांगून होणार नाही. पहिल्या परिच्छेदात प्रसंग जसा घडला तसा सांगा. कोण कुठे उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे. दुसऱ्यात प्रश्न: ती गेली तर काय बंद पडेल. मधली चार-पाच पानं वहीतल्या नोंदींवर. लेखकाचं चरित्र अर्ध्या पानापलीकडे नेऊ नका; हेमिंग्वे यांनी चार लग्नं केली यावरून जेक बार्न्स समजत नाही. 'ती स्वार्थी होती' असं वाक्य उतरलं की त्याखाली रेघ मारा आणि हे कोण म्हणतंय ते लिहा: पात्र, निवेदक की तुम्ही. कच्चा खर्डा गटातल्या एका बाईला आणि एका पुरुषाला वेगवेगळा वाचायला द्या, आणि दोघांच्या खुणा वेगळ्या पडल्या ती जागा पुन्हा लिहा.

शेवटच्या रविवारी भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत बहुतेक गट करतात. वांगी भाजायला काट्या कोण आणणार, पीठ कोण मळणार, भांडी कोण घासणार हे आदल्या बैठकीतच ठरवा आणि नावं चहाच्या पाळीच्या कागदाखाली लिहा. लीनाचं पान जेवणाआधी वाचा, नंतर नको.